आधी धक्का, मग बोट

प्रश्न: ताई, कोलवाळला शापोरा नदीच्या काठावर आम्ही काही पालक मिळून गावचा रोइंग क्लब काढतोय. काठाला जागा मिळालीय, वर्गणीही बऱ्यापैकी जमलीय. बहुतेकांचं म्हणणं, आधी शर्यतीची एक छान बोट घेऊया, म्हणजे मुलं आपोआप येतील. तुम्हाला काय वाटतं?
– एक पालक, कोलवाळ

उत्तर: शर्यतीची बोट सगळ्यांत शेवटी घ्या, हे अगदी कळकळीने सांगते. एकट्याने वल्हवायची रेसिंग बोट साधारण आठ मीटर लांब, वजनाला जेमतेम १४-१५ किलो आणि रुंदीला माणूस कसाबसा मावेल एवढीच. शिकाऊ मुलाच्या हातून एक वल्हं सुटलं की ती कलंडलीच. दोनदा पाण्यात पडलेलं मूल तिसऱ्या दिवशी येत नाही.

पहिला पैसा पाण्यात उतरण्याच्या जागेवर घाला. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या ओहोटीला काठावर जाऊन पाहा. भरतीला पायरीशी असलेलं पाणी तेव्हा दीड-दोन मीटर खाली गेलेलं असतं. मधे चिखल, आणि चिऱ्यांना चिकटलेली कालवं. त्यांच्यावर अनवाणी पाय पडला तर चर्रकन कापतो आणि बोटीचा फायबरचा तळही तसाच खरवडून निघतो. म्हणून भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का हवा, तोही पाण्यापासून वीतभरच उंच. बोटीच्या बाजूंना बाहेर आलेले रिगर (वल्ही अडकवायचे दांडे) आणि वल्ह्यांची पाती धक्क्यावरून सहज गेली पाहिजेत. मचव्यांसाठी बांधलेला उंच धक्का इथे उपयोगाचा नाही.

मग शेड. आठ जणांची बोट १७-१८ मीटर भरते, तेव्हा आज ती नसली तरी लांबी तेवढी धरा. भिंती नसल्या तरी चालतील, पण छप्पर आणि रॅक हवेतच. उन्हाने फायबर खराब होतो. आणि गोड्या पाण्याचा नळ! खारं पाणी लागलेली बोट रोज धुतली नाही, सरकत्या सीटची चाकं नि रूळ पुसले नाहीत, तर एका मोसमात सीट अडकायला लागते. देणगीत आलेली नवी कोरी बोट छपराविना आंब्याखाली पडून वाया गेलेली मी पाहिलीय. जीव तुटतो.

काठावर काहीही पक्कं बांधण्याआधी गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी घ्या. धक्क्यासाठी बंदर कप्तान खात्याकडेही जावं लागेल.

बोटी घेताना कोस्टल रोइंगच्या, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांत वल्हवायच्या, घ्या. त्या रुंद, जड आणि स्थिर असतात. एकट्याची बोटसुद्धा किमान ३५ किलोची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कोस्टल रोइंगच्या बीच स्प्रिंट शर्यती पहिल्यांदाच होणार आहेत, तेव्हा या बोटींवर शिकणारं मूल मागे पडेल ही भीती नको.

एक संध्याकाळ जाळी टाकणाऱ्यांसोबत जरूर बसा. जाळ्यांचे खुंट कुठे रोवलेत, खाजनाच्या (बांध घातलेल्या खाऱ्या सखल शेतीच्या) मानशीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, ओहोटीला पाणी कुठे जोरात बाहेर पडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: नदीत उजवी बाजू धरायची, पण वल्हवताना आपली पाठ पुढे असते, म्हणून बोटीची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. नवी मुलं हमखास इथेच गोंधळतात. दर चार-पाच वल्ह्यांनी मान वळवून मागे बघायची सवय तेव्हाच लावा.

प्रश्न: मी चाळिशीची शिक्षिका. पोहता येत नाही. क्लबमध्ये यावं का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: या, पण आधी पोहायला शिका. लाइफ जॅकेट हवंच, तरी त्याच्या भरवशावर कुणालाही पाण्यात सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. तोवर शेडमधल्या एर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवर वल्हवायचा सराव देणाऱ्या यंत्रावर, बसा. क्रम लक्षात ठेवा: आधी पायांनी रेटा, मग पाठ मागे, हात शेवटी. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या आणि सुरुवातीला सीट पूर्ण पुढे नेऊ नका. वयाची चिंता करू नका. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर रोइंगकडे वळला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या शर्यतीत) १३ वा आला. तुम्हाला तर शर्यतही जिंकायची नाही. पावसाळ्यात नदी फुगलेली असते, तेव्हा एर्गोमीटर मोकळे असतात. जूनमध्येच सुरुवात करा.