चाकाची चीं-चीं, पाच जॉब कार्डं आणि ‘नॉर्मल’ असल्याचं उत्तर

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी घरच्या वापरासाठी नवी मोटार घेतली. वॉरंटी तीन वर्षांची. सातव्या महिन्यापासून पुढच्या डाव्या चाकातून चीं-चीं आवाज येतो. पाच वेळा सर्व्हिस सेंटरला दिली. दोनदा ब्रेक पॅड बदलले आणि दोन्ही वेळा ‘झिजणारा भाग’ म्हणून पैसे घेतले. चार-पाचशे किलोमीटर झाले की आवाज परत सुरू. आता ‘हा आवाज नॉर्मल आहे’ असं लेखी उत्तर आलं आहे. गाडी परत देऊन पूर्ण पैसे मिळतील का? तोवर कर्जाचे हप्ते थांबवले तर चालेल का?

उत्तर : आधी हप्त्यांचं. ते थांबवू नका. बँकेने पैसे दिले, तिचा करार तिथे पूर्ण झाला. चाक वाजतं हा तिच्याविरुद्धचा बचाव होत नाही. हप्ते चुकवलेत तर भांडण विक्रेत्याशी, आणि थकबाकीदार तुम्ही, अशी उलटी गत होईल.

पूर्ण पैसे परत मिळणं आज तुमच्या हातात असलेल्या कागदांवर अवघड दिसतं. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल तर त्या जोरावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ मध्ये म्हटलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ खाली ग्राहक आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो, हे खरं. पण शेवटच्या दोन गोष्टींसाठी दोष मूळ बनावटीतला आहे आणि वारंवार दुरुस्त करूनही गेला नाही, हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं.

आणि तुमच्या पाचही जॉब कार्डांवर (गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवतं तो कागद) काय लिहिलं असेल, तर ‘आवाज येतो’. आवाज हा कायद्याच्या भाषेतला दोष नव्हे. कलम २(१०) मध्ये दोष म्हणजे वस्तूच्या गुणवत्तेतली किंवा मानकातली उणीव. ती कोणत्या भागात आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. म्हणून वकिलाच्या नोटिशीआधी आवाजाचा माग काढा.

मोकळ्या रस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटरने, काचा खाली घेऊन, एसी बंद करून, लांब भिंतीच्या कडेने गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि चाक नेमकं कळतं. फक्त गतिरोधकावर आवाज येत असेल तर शंका चाकावर नाही, सस्पेन्शनच्या रबरी बुशवर घ्या. चाकाच्या फेऱ्यांबरोबर चीं-चीं जलद होते आणि ब्रेकला हलका पाय लावताच थांबते किंवा सूर बदलते, तर शोध पॅड, त्यांच्या क्लिपा आणि कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, पॅड दाबणारा भाग) इथे. ब्रेकचा काही परिणाम नाही, पण उजवीकडे वळताना आवाज वाढतो, तर डाव्या चाकाचं बेअरिंग तपासायचं, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर पडतो. (बिघडलेलं बेअरिंग मात्र सहसा चीं-चीं करत नाही, घुरघुरतं.) डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून घासला किंवा मधे खडा अडकला तरी असाच आवाज येतो, आणि तो दहा मिनिटांत निघतो. सकाळी पहिल्या चार-सहा ब्रेकला येऊन जाणारी खरखर ही डिस्कवर ओलाव्याने चढलेल्या गंजाची असते. ती तक्रारीत घालू नका. तिच्यामुळे बाकीची खरी तक्रारही पोकळ दिसते.

तुम्ही सांगता तो क्रम, म्हणजे नवे पॅड, थोडे दिवस शांतता, मग पुन्हा आवाज, पाहता दोष पॅडमध्ये नसावा असं वाटतं. कॅलिपर ज्या स्लाइड पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या किंवा अडकल्या, की ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. नवा पॅड टाकला तरी पिन तीच राहते. याची खूण मोजता येते. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलीमीटर असतो. तो २-३ मिलीमीटर उरला की अनेक पॅडांवर बसवलेली धातूची पट्टी डिस्कला टेकून मुद्दाम किंचाळते. एकाच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत ठळक फरक निघाला, किंवा फारसे ब्रेक न लावताही डावं चाक उजव्यापेक्षा बरंच गरम झालं, तर ती तुमच्या चालवण्याने झालेली झीज नाही.

तुमच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा इथे आहे. वॉरंटीतून वगळलेली असते ती वापराने होणारी झीज. वॉरंटीतल्या कॅलिपरच्या दोषाने पॅड अकाली झिजले असतील, तर पॅडचे घेतलेले पैसे परत मागण्याचा हक्क तुमचा. आणि मूळ कारण न शोधता दोनदा पॅडच बदलले, ही कलम २(११) खालची सेवेतली त्रुटी होते. वॉरंटी पुस्तिकेत कॅलिपर आणि बेअरिंग वगळलेले नाहीत ना, एवढं वाचून घ्या.

हे मोजमाप बाहेरच्या मेकॅनिककडे चाक उघडून करू नका. ‘तिऱ्हाइताने छेडछाड केली’ म्हणायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं. सहाव्यांदा सर्व्हिस सेंटरलाच जा. टेक्निशियनला शेजारी बसवून आवाज ऐकवा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या : कोणतं चाक, किती वेग, ब्रेक लावल्यावर काय होतं, किलोमीटरचा आकडा, आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी, स्लाइड पिना हाताने सरकतात की नाही. लिहायला नकार दिला तर त्याच दिवशी हेच सगळं ई-मेलने कळवा. गाडी ताब्यात घेताना समाधानाच्या रकान्यात नुसती सही करू नका. ‘आवाज कायम, हक्क राखून ताबा घेतला’ असं लिहून सही करा. आवाजाचा व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा, आणि तक्रारीला जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत द्या.

चीं-चींची जागा धातूवर धातू घासल्यासारख्या खरखरीने घेतली, तर मात्र गाडी चालवणं थांबवा. जिवाला धोका आहेच, शिवाय डिस्क खराब झाली तर ‘कळूनही चालवत राहिले’ हा ठपका तुमच्यावर येईल.

मग नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, पण पंधरा दिवसांची मुदत देऊन पाठवाच, विक्रेता आणि उत्पादक दोघांना. एकालाच पाठवली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ‘नॉर्मल’ म्हणजे नेमका कोणत्या भागाचा आवाज आणि कोणत्या तांत्रिक कागदाच्या आधारे, हे विचारा. नॉर्मल होता तर दोनदा पॅड का बदलले, हेही विचारा. याचं उत्तर देणं त्यांना जड जाईल.

उत्तर समाधानकारक आलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. ग्राहक कायद्याच्या कलम ३८(२) खाली गाडीच्या तपासणीची मागणी पहिल्याच दिवशी करा. शुल्क आधी तुम्हालाच भरावं लागतं. मागण्या पायरीपायरीने मांडा : कॅलिपर आणि संबंधित भाग विनामूल्य बदलणं, पॅडचे पैसे परत, त्रासाची भरपाई आणि खर्च, तपासणीत मूळ दोष निघाला आणि तो दुरुस्त होण्यासारखा नसेल, तरच गाडी बदलणं किंवा किंमत परत. उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या भरपाईची, कलमं (८२ ते ८७) मधे आणू नका. त्यांतल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे.

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. ती वॉरंटीच्या तीन वर्षांशी बांधलेली नाही. सुरक्षित हिशेब पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून करा; म्हणजे तुमच्याकडे साधारण सतरा महिने आहेत. आणि तक्रार चालू असताना कंटाळून गाडी विकू नका : ‘आता हे ग्राहकच राहिले नाहीत’ हा युक्तिवाद समोरून हमखास येतो.