नावं नंतर ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री दोनला आली, मी चारला वाचली. म्हणजे त्या साडेचार वर्षांच्या पोराने आपली दोघींचीही झोप उडवली. सकाळी आई सोडून जाते तेव्हा तो ढिम्म. दुपारी बाराला आजी न्यायला आली की दप्तर फेकतो आणि बाकाखाली जाऊन बसतो. तू विचारतेस, आईशी असलेल्या ओढीच्या प्रकारांपैकी हा कुठला: ‘अव्हॉयडंट’, म्हणजे आई परतली तरी तिला टाळणारा, की ‘अँबिव्हॅलंट’, म्हणजे तिला बिलगणारा आणि तिच्यावरच चिडणारा? तुझ्या प्रबंधाचे गाईड म्हणतात, ‘अँबिव्हॅलंट’ लिहून टाक आणि पुढचं प्रकरण घे.

किती वेळा पाहिलंस गं त्याला? टिपणांत तीन दिवस आहेत. तीन!

आधी बघ. नाव नंतर ठेव. मराठीत ‘नावं ठेवणं’ म्हणजे आणखी काय, ते तुला सांगायला नको.

ज्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थबाईंमुळे हे प्रकार तुमच्या पुस्तकात आले, त्यांच्याबद्दल शिकवतात काय? एक खोली, थोडी खेळणी, आई बाहेर जाते, परकी बाई आत येते, वीसेक मिनिटांत बाळाचा प्रकार हातात. पाच मार्कांची टीप. पण या बाई 1954–55 मध्ये युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन बसत होत्या. अंगावरचं तोडताना बाळाला नातेवाइकांकडे धाडतात, त्याचा परिणाम अभ्यासायचा बेत होता. बघतात तर बहुतेक घरांत तसं होतच नव्हतं! मग बेत बाजूला ठेवला आणि आई-बाळांमध्ये खरंच काय चाललंय ते टिपत राहिल्या. पुढे बाल्टिमोरमध्ये 26 कुटुंबं घेतली. दर तीन आठवड्यांनी चार-चार तास घरी, वर्षभर. एका घराचे साधारण 72 तास झाले. ती खोलीतली वीस मिनिटं या 72 तासांच्या आधाराने उभी आहेत. जगाने वीस मिनिटं उचलली, कारण ती स्वस्त पडतात. शिवाय ती कसोटी वर्ष-दीड वर्षाच्या बाळांसाठी होती. तुझा गडी साडेचार वर्षांचा आहे, हे तरी गाईडना दिसायला हवं होतं.

आणि हीच कसोटी बाहेर नेल्यावर काय झालं? जर्मनीत बीलेफेल्डला ‘अव्हॉयडंट’ बाळं सगळ्यांत जास्त निघाली. जपानात साप्पोरोला तसं एकही सापडलं नाही, ‘अँबिव्हॅलंट’ मात्र भरपूर. जर्मन आया कोरड्या आणि जपानी बाळं रडूबाई, असं म्हणायचं का? बीलेफेल्डच्या घरांत मूल लवकर स्वतंत्र व्हावं, ही अपेक्षाच होती. साप्पोरोची बाळं आईपासून क्वचितच दूर राहिलेली असायची, त्यामुळे तेवढीच मिनिटं त्यांना फार जड गेली. घर पाहिल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून आधी बघ.

मी एवढी चिडते, त्याचं कारण सांगते. 1986 साली धुळे जिल्ह्यातल्या एका बालवाडीत मी मुलांच्या विचारक्षमतेच्या चाचण्या घेत होते. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. एक परकरी पोर प्रत्येक प्रश्नाला भराभर उत्तर द्यायची आणि मला काही लागायचं नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘प्रतिसाद असंबद्ध’. जेवताना बालवाडीच्या ताई हसत म्हणाल्या, “अहो बाई, ती अहिराणीत बोलतेय. सगळं बरोबर सांगतेय.” मी पुण्याच्या पेठेतली, पुस्तकी मराठीत विचारणारी. असंबद्ध कोण होतं?

इथवर चूकच होती. पुढचं वाईट आहे. तक्ते टाइप होऊन आले होते, दुरुस्ती म्हणजे सगळी बेरीज पुन्हा करणं, आणि सादर करायची तारीख चार दिवसांवर. मी ते तसंच दिलं. ती पोर आज चाळिशीपार असेल. माझ्या प्रबंधात ती अजून असंबद्ध आहे.

त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी आधी दोन महिने नुसतं बघायला बसवलं. प्रश्नावली नाही, श्रेणी नाही, वही आणि पेन. काहीजण सोडून गेले. बाईंनी आमची वर्षं खाल्ली, असं अजून कानावर येतं. खाल्ली असतील. कुणाला नोकरीची घाई होती, कुणाच्या घरी लग्नाची, आणि मी प्रत्येकाशी तेवढी मऊ वागले नाही, हे कबूल. पण त्यांतल्या एकानेही मुलाच्या कपाळावर खोटी चिठ्ठी डकवली नाही. एवढं मला म्हणू दे.

तुझी अडचण कळते. मे महिन्यात प्रबंध द्यायचाय, फी भरलीय, आणि गाईडशी वाकडं घेऊन चालत नाही. तर मग ‘प्रकार निश्चित करता आला नाही’ असं लिही आणि निरीक्षणं पूर्ण दे. एक मार्क कमी पडला तर माझ्या नावाने बोटं मोड. मला सवय आहे.

मंगळवारपासून पावणेबाराला तिथे जाऊन बस. भिंतीशी, त्याच्या नजरेत न येता. तो काय करत असताना आजी येते? खेळ अर्धा राहतो का? आजी दारातून हाक मारते की आत येते? ती त्याला घरी नेते की आणखी कुठे? हे तू कुणालाच विचारलेलं नाहीस, आजीलाही नाही. दप्तर फेकतो ते कुठल्या दिशेला, तेही लिही.

आणि दोन आठवडे मला फोन करू नकोस. केलास तर मी पहिला प्रश्न विचारेन, आजीच्या हातात काय होतं?

तुझी,
बाई