लग्नाचे फोटो एडिट करण्यासाठी आणि अल्बम डिझाइनसाठी वीस-पंचवीस हजारांत कोणता मॉनिटर घ्यावा? १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर चालेल का? स्क्रीनवर छान दिसणारे फोटो लॅबमधून काळपट येतात.

आधी काळपट प्रिंटचं बघू, कारण ते कळलं की मॉनिटरचा प्रश्न निम्मा सुटतो. मी अल्बम, लग्नपत्रिका आणि थोडं ऑफसेटचं (छापखान्याच्या छपाईचं) डिझाइन करतो. नव्या माणसाची हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष लॅबचा नसतो.

मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस दुकानात उठून दिसावा इतका चढवलेला असतो, पुष्कळदा २५० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आसपास. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीतला जेवढा प्रकाश त्याच्यावर पडतो, त्यातलाच तो परत देतो. भगभगीत स्क्रीनवर मांडवातला अंधारा फोटोही उजळ वाटतो, मग तुम्ही तो एडिटमध्ये उजळवत नाही, आणि अल्बममध्ये नवरा-नवरी सावलीत उभे असल्यासारखे येतात. प्रिंटच्या कामाला साधारण १०० ते १२० निट्स पुरतात. त्यामुळे आहे त्याच मॉनिटरचा ब्राइटनेस आजच उतरवा. पूर्ण पांढरी फाइल उघडा, शेजारी कोरा ए-फोर कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत खाली आणा. पद्धत ढोबळ आहे, पण पुढच्या प्रिंटमध्ये फरक दिसेल.

आता खरेदी. पॅनल, म्हणजे स्क्रीनचा प्रकार, आयपीएसच घ्या. टीएन पॅनलमध्ये मान जरा हलवली की रंग बदलतो. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद असतो, सिनेमा बघायला तो छान. पण त्यात काळ्या शेरवानीच्या घड्या समोरून वेगळ्या आणि बाजूने वेगळ्या दिसतात, मग शॅडो (गडद भाग) किती उजळवायच्या ते ठरत नाही. तुम्ही १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, गेमिंग मॉनिटरबद्दल विचारलंत. स्थिर फोटोला त्या वेगाचा उपयोग नाही, तो पैसा रंगावर घाला.

रंगाच्या बाबतीत एकच आकडा बघा: एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांचा नेहमीचा ठरलेला पल्ला) १०० टक्के, निदान ९९. काही कंपन्या एनटीएससी या दुसऱ्या, जुन्या पल्ल्याचा आकडा छापतात. तिथे ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के लिहिलं असेल तर तो मॉनिटर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. स्वस्त लॅपटॉपच्या स्क्रीन बहुधा याच जातीच्या असतात.

याचा फटका कुठे बसतो, तर हळदीच्या फोटोंत. कमी रंगांच्या स्क्रीनवर हळद फिकट दिसते, म्हणून आपण सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवतो. फाइलमध्ये मात्र लाल चॅनल आधीच २५५ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकलेला असतो. छापून आल्यावर गालावर एक सपाट पिवळा पट्टा दिसतो. बोटांचे ओघळ, ओल्या हळदीची चकाकी, खालची कातडी, सगळं गेलेलं. सेव्ह झालेल्या जेपेगमधून हा तपशील नंतर परत आणता येत नाही. चांगल्या स्क्रीनवर तो जाताना तुम्हाला डोळ्यांनी दिसतो आणि हात थांबतो.

अ‍ॅडोबी आरजीबी या आणखी मोठ्या रंगपल्ल्याच्या मागे सध्या लागू नका. हिरव्या-निळसर भागात त्याची मजल एसआरजीबीपेक्षा जास्त आहे हे खरं, मोरपंखी पैठणीच्या काही छटा त्यातच नीट बसतात. पण अल्बम लॅब साधारणपणे एसआरजीबी जेपेगच मागतात, आणि असा मॉनिटर नीट सेट केला नाही तर विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये सगळं भडक दिसतं. पॅकेजिंग किंवा कॅटलॉगची ऑफसेटची कामं मिळू लागली की तो खर्च करा.

आकाराचं सोपं आहे. २४ इंच घेणार असाल तर १९२० बाय १२०० बघा, उभी जागा थोडी जास्त मिळते. २७ इंच घेणार असाल तर २५६० बाय १४४०च. २७ इंचात फुल एचडी नको, इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात आणि केसांच्या कडा, पत्रिकेतली बारीक अक्षरं फुटलेली दिसतात. अल्बमची बारा बाय छत्तीस इंचांची शीट आडवी लावून शिवाय सॉफ्टवेअरचे टूल-पॅनेलही उघडे ठेवायचे असतील तर २७ इंच फार सोयीचा पडतो.

या हिशेबात आसुसचा प्रोआर्ट पीए२४८क्यूव्ही (२४ इंचांच्या गटातला) आणि पीए२७८क्यूव्ही (२७ इंची) आधी बघा; दोन्ही आयपीएस, दोन्ही पूर्ण एसआरजीबी. बेनक्यूची पीडी मालिका आणि डेलचे अल्ट्राशार्पही भरवशाचे. भाव सेलप्रमाणे खालीवर होतात, बजेट ताणावं लागलं तर २४ इंची घ्या आणि उरलेले पैसे कॅलिब्रेटरसाठी (स्क्रीनचे रंग मोजून ते बरोबर करायचं यंत्र) ठेवा.

यावर मी ठाम आहे. मॉनिटर कारखान्यातून डेल्टा ई (रंगातल्या चुकीचं माप) २च्या आत तपासून आला तरी वापरात रंग हळूहळू सरकतात, आणि डोळ्याला ते कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र गावातल्या चार फोटोग्राफरांनी मिळून घेतलं तरी चालतं, रोज लागत नाही. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग ६५०० केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा) आणि १२० निट्सवर कॅलिब्रेट करा. नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (आपोआप उजेड कमीजास्त करणारी) बंद. पाठीमागे खिडकी नको, आणि समोरची भिंत गुलाबी-पोपटी असेल तर तिला फिकट राखाडी रंग द्या.

मॉनिटर आला की पहिल्याच दिवशी पूर्ण काळी, पांढरी आणि राखाडी फाइल फुल स्क्रीन करून कोपरे आणि मेलेले पिक्सेल तपासा, बदलून मिळण्याची मुदत थोडीच असते. एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी वाटला तर मॉनिटरला नावं ठेवण्याआधी ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ करा.