सॉसचं पाकीट एकदम पूर्ण ओतू नका

लेक काळ्या पाकिटातल्या कोरियन नूडल्ससाठी मागे लागलीय, वय बारा, घरात तिखट सगळेच खातात, तर करू का आणि कसं करू, असं विचारलंयत ना? करा की. पण "आम्ही तिखट खातो" या भरवशावर राहू नका, मीही तसाच राहिलो होतो, कोल्हापूरकडचा माणूस, म्हटलं हे काय करणार आपल्याला. पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खं सॉस ओतलं आणि चौथ्या घासाला कान गरम, नाक वाहतंय, बायको हसतेय. चूक माझीच.

आपला ठेचा किंवा मिसळ तिखट असते पण सोबत भाकरी, पाव, दही, कांदा असतो, आणि ठेच्यात तेल-शेंगदाणे असतात. इथे सोबत काहीच नाही, नुसत्या नूडल्स आणि प्रत्येक धाग्याला चिकटलेलं सॉस. वर ते गोडसर असतं. पहिला घास गोड लागतो म्हणून माणूस भराभर खातो आणि तिखट मागून येतं, तोवर अर्धी वाटी पोटात गेलेली असते.

ते काळं पाकीट म्हणजे बहुतेक साम्यांग या कोरियन कंपनीचं बुलडाक, 2012 साली कोरियात आलं. बुल म्हणजे आग, डाक म्हणजे कोंबडी. यात सूप नसतं, कोरड्या परतलेल्या नूडल्स असतात, लोक नेमके इथेच फसतात आणि मॅगीसारखं पाण्यातच सॉस घालून बसतात. साधारण 600 मिली पाणी उकळा, नूडल्स 5 मिनिटं शिजवा, मग 8 मोठे चमचे पाणी ठेवून बाकीचं गाळून टाका (ते पाणी ठेवायचंच, नाहीतर सॉस नीट पसरत नाही), सॉस घालून अर्धा मिनिट परता, शेवटी तीळ आणि समुद्री शेवाळाची पुडी. परतताना खिडकी उघडी ठेवा, मिरचीच्या फोडणीसारखा ठसका लागतो. आणि हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत हे लेकीला आधीच सांगा.

पहिल्या वेळी सॉस पाव भागच घाला, चव बघा, मग वाढवा. दोन पाकिटांच्या नूडल्स आणि एकाचंच सॉस हा पण चांगला हिशोब आहे. चीज स्लाइस किंवा दोन चमचे दूध घातलं की बरंच निवळतं, अंडं खात असाल तर वरून हाफ फ्राय. गुलाबी पाकिटातलं कार्बोनारा मिळालं तर सुरुवात त्यानेच करा, त्यात दूध-चीजची पावडर असते. 2एक्स, 3एक्स लिहिलेलं, म्हणजे याहून जास्त तिखट, मुलीला अजिबात नको. डेन्मार्कने जून 2024 मध्ये यातले तीन प्रकार मुलांना त्रास होईल म्हणून बाजारातून काढायला लावले होते, पुढच्याच महिन्यात दोन परत आले, 3एक्स मात्र बंदच ठेवलं, यावरून काय ते समजा.

तोंड पेटलं की पाणी पिऊ नका, काही उपयोग नाही, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, जीभ ओलीच्या ओली आणि आग तशीच. गार दूध किंवा दही समोर ठेवूनच बसा. कोरियात सोबत पिवळं मुळ्याचं लोणचं खातात, आपल्याकडे काकडीची कोशिंबीर झकास जाते, दही जरा जास्त घालून. आणि रात्री उशिरा, रिकाम्या पोटी तर नकोच, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं का ते.

व्हेज असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. एकाच नावाचं पाकीट एका देशासाठी वेगळं आणि दुसऱ्यासाठी वेगळं असतं, शिन रामयुन या दुसऱ्या कोरियन नूडल्सचा कोरियातला मूळ मसाला बीफचा आहे पण त्याचं व्हेज पण मिळतं. मीठही भरपूर असतं या सगळ्यात, त्यामुळे आठवड्यातून दोनदा वगैरे लाड नकोत, महिन्यातून एकदा ठीक.

उरलेलं सॉस टाकू नका हां. पाकिटाला क्लिप लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत फोडणीच्या भातात अर्धा चमचा घाला. मी एकदा थालीपिठाला पण लावून खाल्लं, आई बघतच राहिली, पण लोण्यासोबत भारी लागलं.