आधी हजेरी, मग भूत

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला संगणकावरच्या खेळाचा नमुना काल रात्री खेळून संपवला, सोबतचं टिपणही वाचलं. निपाणीवर कुणीतरी मराठीत गोष्टीचा खेळ करतंय, याचाच इतका आनंद झाला की लगेच फोन लावणार होतो. पण फोनवर एवढं सगळं बोलून झालं नसतं, म्हणून पत्र.

नायिका पुण्याची नोकरी सोडून रात्रीच्या गाडीनं स्टँडवर उतरते, तिथवर सगळं झकास जमलंय. वखारीच्या गल्लीत शिरताच तिला ठसका लागतो, ते तर फारच आवडलं. वखार बंद पडून कैक वर्षं झाली तरी भिंतीतून तंबाखूचा खाट येत राहतो, हे तिथं वाढलेल्या पोरीलाच सुचणार. पण त्यानंतर लगेच तू भूत दाखवतेस. चाळणी घेऊन बसलेली बाई, पांढरे डोळे, मागं ते संगीत. तिथून पुढं गाव जे गायब होतं ते परत येतच नाही.

त्या बाईची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती होती ते मला आधी सांग. ती कुणाच्या वखारीत होती, पगार कुठल्या वारी व्हायचा, वखारीला कुलूप लागलं तेव्हा तिची बाकी मिळाली की बुडाली? तुझ्या टिपणात याबद्दल एक ओळ नाही. 'गाव ओस पडलं आहे' एवढंच लिहिलंयस. गाव आपोआप ओस पडत नसतं गं. कुणीतरी काहीतरी बंद करतं, कुणाचे तरी पैसे अडकतात, मग पोरं बाहेर पडतात. भुताच्या आधी मला हे कळलं पाहिजे.

तू 'नाइट इन द वूड्स' खेळली आहेस, म्हणून त्याच्या शेवटाबद्दलही मोकळेपणानं लिहितो. 2017 साली आलेला हा खेळ म्हणजे मुळात तिघांचं काम. पॉसम स्प्रिंग्स हे खाणीवर जगलेलं गाव, खाण बंद झालेली. वीस वर्षांची मे कॉलेज अर्धवट टाकून घरी येते. लोकांना तिची मांजरीची आकृती आठवते, जंगलातलं गूढ आठवतं. मला आठवतात तिचे वडील, कारखाना गेल्यावर सुपरमार्केटात मांसाच्या काउंटरवर उभे राहणारे. मुलीच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जापायी राहतं घर बँकेकडे जायची वेळ आलेली असते, आणि हे आईच्या तोंडून निघतं ते भांडणात, ओघात. बी नावाची मैत्रीण वर्गात हुशार, पण आई गेल्यावर वडिलांचं हार्डवेअरचं दुकान तिच्याच गळ्यात पडलेलं. कॉलेजची संधी मिळून ती वाया घालवणाऱ्या मेवर तिचा जो राग आहे, तो मला त्या खेळातल्या कुठल्याही भुतापेक्षा जास्त हलवून गेला.

आणि त्यातलं भूतही आलंय कुठून बघ. खाणीत लपून जमणारी ती माणसं गावातलीच आहेत. जुने बरे दिवस परत यावेत म्हणून गावाला 'नको असलेली' पोरं ती खड्ड्यात ढकलतात. म्हणजे पगार जिथं बुडाला त्याच भोकातून भीती वर येते. म्हणून ती खरी वाटते. (खाणीतलं ते शेवटचं लांबलचक बोलणं मात्र मला जडच वाटलं. जे आईच्या एका वाक्यात आलं होतं, तेच तिथं उगाळून सांगितलंय.)

निपाणीला कारणांचा तोटा नाही. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. 2016 साली पाकिटांवरचा सचित्र इशारा 85 टक्के जागा खाऊ लागला, 2017 साली विडीवर 28 टक्के जीएसटी बसला. रानात तंबाखूच्या जागी ऊस आणि सोयाबीन दिसायला लागलं. पण हे कुणा मास्तरानं पाठ म्हणून दाखवल्यासारखं येऊ देऊ नकोस. वखारीसमोरच्या किराणावाल्याला एवढंच बोलू दे: "आधी बंडलावर ते चित्र आलं. मग जीएसटी आला. मग मालकाचा पोरगा बेंगळूरला गेला. झालं." पुढं खेळणाऱ्यानं विचारलं तरच तो आणखी सांगेल, नाहीतर साखर मापायला लागेल. 1981 चं आंदोलन एखाद्या आजोबांच्या ट्रंकेतून येऊ दे. 'नाइट इन द वूड्स'मध्ये मेच्या आजोबांच्या तिजोरीत मालकाचा तो दात सापडतो ना, आणि मग कामगारांनी त्याला कसा धडा शिकवला ते कळतं, तसा एखादा जिन्नस शोध. तो तुझ्याच घरात सापडेल असं मला वाटतं.

नायिकेच्या घरचा हिशेब मांड. आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 मिळतात, हजार विड्यांमागे मजुरी मिळते ती वेगळी, आणि त्यातून खराब ठरवलेल्या विड्या वजा होतात. 2023 पासून आई आधार कार्ड दाखवून सरकारी बसनं बेळगावला फुकट जाऊ शकते, पण कोल्हापूरच्या दवाखान्यात जायचं तर तिकीट काढावं लागतं. लेक कुठल्या दवाखान्यात नेणार, हा निर्णय खेळणाऱ्याच्या हातात दे. तुझ्या नमुन्यातल्या 'भुताशी बोल' की 'पळून जा' या निवडीपेक्षा हा निर्णय कितीतरी अवघड आहे, कारण इथं दोन्हीकडं काहीतरी गमवावं लागतं.

निवडींवरून आठवलं. 'नाइट इन द वूड्स'मध्ये संध्याकाळी ग्रेग या मित्राबरोबर जायचं की बीबरोबर, हे मे हिला ठरवावं लागतं. एकाबरोबर गेलं की दुसऱ्याची ती संध्याकाळ हुकते. शेवट फारसा बदलत नाही, पण आपण कुणाला ओळखलं ते बदलतं. तू आठ वेगवेगळे शेवट करायला निघालीस, ते सोड. तेवढ्या मेहनतीत सहा संध्याकाळी नीट होतील.

आता गल्लीबद्दल. नकाशात तू निपाणी, तवंदी घाट, कोगनोळीचा नाका, वेदगंगा, सगळंच घेतलंयस. एवढं नको. एकच गल्ली घे आणि खेळणाऱ्याला रोज तिथून चालायला लाव. पहिल्या दिवशी त्याला कंटाळा आला तरी चालेल. चहाच्या गाड्यावरचा माणूस रोज "कधी आलीस? किती दिवस हाईस?" विचारतो, चौथ्या दिवशी 'किती दिवस' विचारायचं बंद करतो. बंद दुकानाच्या पायरीवर बसणारी म्हातारी एक दिवस दिसत नाही, कुणी काही बोलतही नाही. शिडीवर चढलेला पेंटर पाट्या नव्यानं रंगवतोय, कारण 2024 च्या कायद्यानं पाटीचा 60 टक्के भाग कन्नड लागतो. पेंटर मराठी, अक्षर दोन्ही लिप्यांत सुरेख. रोज एक पाटी पुढं सरकते. जुन्या मराठी अक्षरांची कड नव्या रंगाखालून दिसते, तेवढं चित्र मात्र जवळून, निगुतीनं काढ.

सीमाप्रश्न घ्यावा का, असं विचारलंस. घ्यायलाच हवा, त्याशिवाय हे गाव निपाणी राहणार नाही. पण भाषण नको. खेळातला एक दिवस 1 नोव्हेंबर ठेव. एकाच गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि सीमाभागातली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिवसाच्या, दंडावर बांधलेल्या काळ्या फिती. नायिका शिकली अर्जुननगरला, म्हणजे निपाणीला लागूनच, पण महाराष्ट्रात. निपाणीतून चालत कॉलेजला जायचं म्हणजे रोज राज्य ओलांडायचं, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, आणि इथं सरकारी नोकरी मागायची तर कन्नड पाहिजे. ती पुण्याला का गेली, याचं उत्तर इथंच आहे. स्टँडवर कंडक्टर कन्नडमधून विचारतो, ती मराठीतून सांगते, दोघांनाही कळतं, तिकीट फाटतं. खाली भाषांतर देऊ नकोस. आपल्याकडं कुणाला ते लागत नाही, आणि बाहेरच्याला तेवढं अडखळू दे.

तुझ्या नमुन्यातले संवाद पुस्तकी झालेत. नायिकेची आत्या "तू काय करत आहेस?" असं विचारते. तुझी आत्या तसं बोलते का? "काय करायलीस?" लिही. वाक्यं घरात बसून रचण्याआधी एक दिवस गल्लीत नुसती ऐकून ये.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात, पण हे टाळू नकोस. युनिटी या खेळ बनवायच्या साधनात अक्षरं दाखवायला नेहमी वापरतात त्या टेक्स्टमेश प्रोमध्ये देवनागरी मोडते. तुझ्या पडद्यावर 'निपाणी'ची पहिली वेलांटी 'न'च्या पुढं जाऊन बसलीय आणि 'वस्ती'मधला 'स' पाय मोडून उभा आहे. गोडो या तशाच दुसऱ्या साधनाच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, देवनागरी आणि कन्नड दोन्ही जोडाक्षरांसकट नीट दिसतात. अजून फार काम झालेलं नाही, तोवर तिकडं जा. फॉन्टला नोटो घे, त्यात दोन्ही लिप्या सापडतील. अक्षर-अक्षर टाइप होत जाण्याची जी नक्कल केलीयस ती काढून शब्द-शब्द आण, नाहीतर 'क्ष' दोन तुकड्यांत येतो आणि वाचणाऱ्याचा डोळा अडतो. संवाद गुंफायला यार्न स्पिनर वापर. 'नाइट इन द वूड्स'चे संवाद त्यातच लिहिलेत. फुकट आहे, आणि फाइल नाटकाच्या संहितेसारखी वाचता येते, म्हणजे आईलाही वाचून दाखवशील.

भूत काढून टाक असं मी म्हणत नाही. पाचव्या दिवसापर्यंत थांबव. तोवर त्या बाईचं नाव, तिची बाकी आणि तिची गल्लीतली जागा खेळणाऱ्याला ठाऊक झालेली असू दे.

दिवाळीपर्यंत मला फक्त पहिले तीन दिवस पाठव. चित्रं नसली तरी चालेल, नुसते चौकोन आणि संवाद. किराणावाला, चहावाला, आत्या आणि आई, एवढी चारच माणसं. आईच्या विड्यांचा हिशेब कागदावर मांडून सोबत जोड, आकडे तिलाच विचारून लिही.

तुझा,
सर