पडक्या वास्तू चित्रपटांत आणि गाण्यांत इतक्या मोहक का वाटतात?

पडकी घरे पडद्यावर उदास असूनही मोहक का वाटतात, असे आपण विचारले आहे. माझे मत सरळ आहे: तिथला केर ज्याला काढावा लागत नाही, त्यालाच ती मोहक वाटतात.

गाण्यापुरते बोलायचे तर सारी जादू अंतराची आहे. ‘महल’ (१९४९) मधील ‘आयेगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात जवळ आल्या, खेमचंद प्रकाश यांच्या चालीइतकेच हे चालत येणेही त्या हवेलीचे रितेपण ऐकवते.

माझ्या आत्याच्या वाड्याचे माळवद पावसात गळत असे. ती सोप्यात परात, पातेली, जर्मनचे डबे मांडून ठेवी आणि कोणते भांडे भरत आले, हे चुलीपुढे बसून नुसत्या आवाजावरून ओळखी. माझा चुलतभाऊ तिथे लघुपट करायला आला, तेव्हा त्याने ती भांडी उचलायला लावली, दोरीवरची लुगडी उतरवली आणि “आत्या, तू जरा आत बस, फ्रेममध्ये येतेस,” असे तिला सांगितले. पुढे थेंबांचा आवाज पुसून त्यावर सारंगी चढवली. प्रेक्षकांनी ‘निर्जन’ वाड्याची वाहवा केली. चित्रीकरण चालू असताना आत्या भिंतीपलीकडे त्याच्याच मंडळींसाठी चहा उकळत होती.

भाऊ अजूनही मृणाल सेन यांच्या ‘खंडहर’चा (१९८४, संगीत आपल्या भास्कर चंदावरकरांचे) दाखला देतो आणि तिथेच फसतो. त्यात शहरातला छायाचित्रकार पडक्या हवेलीत येतो, अंध आईला सांभाळत तिथेच अडकलेल्या जामिनीचे छायाचित्र काढतो आणि निघून जातो. तो चित्रपट अवशेषांच्या सौंदर्यावर नाही, ते टिपून निघून जाणाऱ्यावर आहे, हे मी त्याला किती वेळा सांगितले!

अर्थात हे सरसकट लागू नाही. एस्टोनियातील बंद वीजकेंद्राच्या परिसरात चित्रित झालेल्या, तारकोव्स्की या रशियन दिग्दर्शकाच्या ‘स्टॉकर’ चित्रपटामध्ये (१९७९) कोणाचा संसार चौकटीबाहेर ढकललेला नव्हता. भावाचे छायाचित्रणही वाईट नव्हते, हे मान्य. आपण असे काही चित्रित करणार असाल, तर आत कोण राहते ते आधी विचारा आणि श्रेयनामावलीत त्या माणसाचे नाव घाला. भावाचा लघुपट इंटरनेटवर आहे. आत्याचे नाव त्यात आजही घालता येईल.