नववीतली लेक, हॉकी आणि अमेरिका: दहावी बोर्ड देऊन यावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमानांची बदली एल-वनवर (कंपनी अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवते तो व्हिसा) होतेय, न्यू जर्सी किंवा डॅलस असं निवडता येतंय, लेक नववी संपवतेय, पिंपरीच्या पॉलिग्रासवर, म्हणजे हॉकीच्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, खेळते, जिल्ह्याच्या सतराखालच्या संघात आहे. दहावीची बोर्डाची परीक्षा देऊन आणू की आत्ताच, आणि हॉकीवर कॉलेज फुकट होतं का, एवढंच ना? आम्ही खडकीचे, २०१९ ला पेनसिल्व्हेनियात आलो, तेव्हा माझीही लेक नववी संपवूनच आली होती. आता ती इथल्या एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या संघात मिडफिल्डला खेळते. त्यामुळे जे सांगते ते आमच्या चुकांतूनच आलंय.

आधी पैशाचं, कारण सगळे तेच धरून बसतात. फुकट होत नाही. म्हणजे कुणाचं होतही असेल, पण ते धरून घराचं गणित मांडू नका. कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्यात तीन पायऱ्या. डिव्हिजन वनमध्ये हॉकी खेळणारी कॉलेजं जेमतेम ऐंशीच्या आसपास, आणि तिथे परवापर्यंत एका संघाला बारा पूर्ण स्कॉलरशिपइतकेच पैसे वाटता यायचे, ते वीस-पंचवीस मुलींत तुकडे करून. २०२५ पासून पैसे वाटायला तयार असलेल्या कॉलेजांना ती बाराची अट गेली, पण बदल्यात संघात मुली किती ठेवायच्या ह्यावर मर्यादा आली, म्हणजे वरच्या मुलींना जास्त आणि मागच्यांना जागाच नाही असं काही ठिकाणी झालंय. डिव्हिजन टूला सहा पूर्णांक तीन, हो, असा अपूर्णांकच आहे. आणि सगळ्यात जास्त कॉलेजं जिथे आहेत त्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाचे शून्य पैसे. आयव्ही लीग ह्या जुन्या नामांकित कॉलेजांच्या गटातली प्रिन्स्टन वगैरे डिव्हिजन वनच, पण खेळाची स्कॉलरशिप तिथेही नाही, घरची परिस्थिती बघून मदत देतात.

मग हॉकीचा उपयोग काय? प्रवेश. जिथे मार्कांवर आपल्या पोरी हजारोंच्या रांगेत उभ्या राहतात तिथे कोच जर म्हणाला की मला ही मुलगी हवी, तर फाईल वेगळी काढून बघतात. आयव्ही आणि चांगल्या डिव्हिजन थ्री कॉलेजांत ह्याला प्री-रीड म्हणतात, अकरावी संपल्यावर जुलैच्या सुमारास कोच तुमची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचं गुणपत्रक, ॲडमिशनवाल्यांकडे आधीच दाखवून घेतो की जमेल का नाही. आमच्या लेकीला कॉलेजने जे पैसे सोडले ते तिच्या मार्कांवर सोडले, पण तिथवर पोचवलं हॉकीने. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आता मुख्य मुद्दा. दहावी बोर्ड देऊन येऊ नका. मला माहितीये घरात आजी-आजोबा, क्लासवाले, शेजारी सगळे एकच सांगणार की दहावीचं सर्टिफिकेट हातात असू द्या. पण इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, आणि डिव्हिजन वन, टूच्या कोचला मुलीशी थेट भरतीबद्दल बोलायला परवानगी मिळते ती दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. तुमची लेक बोर्ड देऊन जूनमध्ये आली तर नेमकी त्याच तारखेला विमानातून उतरणार, आणि इथल्या मुलींना कोच दोन वर्षांपासून बघून ठेवतात, फक्त बोलत नसतात एवढंच. आत्ता आणलीत तर दहावीचा एक पूर्ण सीझन मिळेल, तो सोन्यासारखा आहे.

आणि दुसरी गोष्ट, ही आमची चूक, कृपा करून करू नका. आम्ही आलो तेव्हा शाळेतल्या काउन्सेलरबाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या नवीन देश, नवीन भाषा, मुलीला परत नववीतच घालूया, सेटल होईल. आम्हालाही बरं वाटलं, एक वर्ष जास्त मिळतंय तर काय वाईट. अहो, एनसीएएचं घड्याळ पहिल्यांदा नववीत बसल्या दिवशी सुरू होतं, मग ती नववी पुण्यातली का असेना. डिव्हिजन वनला सोळा कोअर कोर्सेस, म्हणजे मुख्य अभ्यासाचे विषय, त्या चार वर्षांत बसवायचे, चार इंग्रजी, तीन गणित, दोन सायन्स, दोन समाजशास्त्र आणि बाकीचे, आणि त्यातले दहा तर बारावी सुरू व्हायच्या आधी. आमची पाच वर्षं झाली, म्हणजे शेवटच्या वर्षाचे विषय डिव्हिजन वनच्या हिशोबात बाहेर. वर राज्याच्या शालेय खेळ संघटनेचाही आठ सेमिस्टरचा, म्हणजे नववीपासून चारच वर्षं खेळायचा नियम, त्यामुळे बारावीत शाळेकडून खेळू देतील का ह्यावरच चार महिने कागद फिरले. शेवटी परवानगी मिळाली, पण त्या चार महिन्यांत मी आणि यजमान एकमेकांशी नीट बोललोही नसू. तेव्हा नववी झालीये ना, मग दहावीतच बसवा, इंग्रजी सहा महिन्यांत होतं.

त्यासाठी निघायच्या आधी शाळेतून नववीचं गुणपत्रक, शाळेच्या लेटरहेडवर, सही-शिक्का, दोन-तीन मूळ प्रती, बंद पाकिटात घेऊन ठेवा. इथून मागवायला गेलं की क्लार्क सुट्टीवर, मग हेडमास्तर सुट्टीवर, मग शिक्का सापडत नाही. आणि इथे विषय निवडताना प्रत्येक विषय एनसीएएच्या मान्य यादीत आहे का ते बघायचं, प्रत्येक हायस्कूलची यादी त्यांच्या साइटवर असते. सगळ्याच काउन्सेलरना हे माहीत असतं असं समजू नका.

डॅलस की न्यू जर्सी? हॉकीपुरतं विचाराल तर हा प्रश्नच नाही. टेक्सासमध्ये सरकारी हायस्कूलांत हॉकी नाहीच, डॅलस-ह्यूस्टनच्या महागड्या प्रायव्हेट शाळांत आहे. इकडे पूर्वेला हा खेळ मुरलेला आहे, १९०१ साली कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या इंग्रज बाईंनी अमेरिकेत आणला आणि पुढे फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवला, त्याची मुळं अजून इथेच आहेत. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट. कॅलिफोर्नियात सॅन डिएगो आणि बे एरियात सारटोगा, लॉस गॅटोस अशा काही शाळा आहेत. न्यू जर्सीत सुद्धा घर बघताना आधी शाळेत हॉकी आहे का आणि ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे शाळेचा दुसऱ्या फळीचा संघ, आहे का ते बघा, मग किराणा दुकान किती जवळ ते. आपल्या लोकांच्या गर्दीच्या गावांत शाळा मार्कांना उत्तम असते पण हॉकीला अकरा मुली जमवताना नाकी नऊ येतात, असं मी दोन ठिकाणी बघितलंय.

हो, आणि इथे नुसतं हॉकी म्हणू नका, लोकांना बर्फावरचं वाटतं. फील्ड हॉकी म्हणायचं. शाळेत हा मुलींचा खेळ, मुली स्कर्ट घालून खेळतात, आणि कॉलेजात मुलांचा एनसीएए संघच नाही. तुम्ही लिहिलंय धाकटा पण स्टिक घेऊन फिरतो, त्याला आत्ताच सांगून ठेवा. धनराज पिल्लेच्या खडकीतून आलेल्या माझ्या भावाला हे अजून पटत नाही, तो फोनवर दरवेळी हसतो.

खेळाचं. ट्रायआउट, म्हणजे संघाची निवड चाचणी, ऑगस्टमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, आणि त्यासाठी डॉक्टरची फिटनेसची सही लागते, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोचा. आमचं पहिलं ट्रायआउट मला लख्ख आठवतं. गवताचं मैदान, मध्ये उंचवटा, लेकीने आपली सवयीची इंडियन ड्रिबल, स्टिक उलटसुलट करत बॉल डावी-उजवीकडे नेण्याची, सुरू केली आणि बॉल उडून तिच्याच नडगीवर. टर्फवर जो बॉल गोंद लावल्यासारखा स्टिकला चिकटायचा तो इथे सशासारखा. त्या दिवशी कोचने मुलींना मैदानाभोवती पळवलं, मग परत पळवलं, आणि आमची बाई शेवटून तिसरी. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाली, आई, ह्यांना हॉकी येत नाही पण ह्या पळतात गं. महिन्याभरात कळलं की दोन्ही अर्धं खरं. बऱ्याच शाळांत गवत किंवा फुटबॉलचं लांब केसांचं टर्फ असतं, त्यामुळे जोरात हिट मारून पुढे धावायचा खेळ होतो. पण कॉलेजात पाणी मारलेलं टर्फ, तिथे आपल्याकडचा हात लगेच दिसून येतो, फर्स्ट टच म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, रिव्हर्स म्हणजे उलट्या स्टिकने खेळणं, थ्रीडी म्हणजे अंगावर आलेल्या मुलीच्या स्टिकवरून बॉल उचलून पुढे जाणं. म्हणून पुण्यात असेपर्यंत तिला दोन गोष्टी करायला लावा. आठवड्यातून तीनदा धावणं, त्यात शटल (दोन खुणांमध्ये मागेपुढे पळणं) हवीच, आणि बॉल मिळायच्या आधी मान वळवून बघायची सवय. इथले कोच मान बघतात. मला आधी वाटायचं गोल बघतात.

शाळेचा संघ पुरत नाही, क्लब लागतोच, कारण शाळेच्या मॅचला कॉलेजचे कोच फारसे येत नाहीत, ते येतात क्लबच्या मोठ्या स्पर्धांना, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, सुमारासचा फेस्टिव्हल वगैरे. हिवाळ्यात इनडोअर, सहा-सहा जणी, बाजूला लाकडी फळ्या, हिट मारायचा नाही फक्त पुश, त्याने पायातली चपळाई फार सुधारते. आम्हाला क्लब, प्रवास, हॉटेल धरून वर्षाला चार-साडेचार हजार डॉलर पडले, त्यात कुठलाही चैनीचा पैसा नाही.

ईमेल लेकीनेच लिहायचे. तुम्ही नाही, यजमान तर नाहीच. नाव, कुठल्या साली हायस्कूल संपतंय, पोझिशन, जीपीए (इथली गुणांची सरासरी), पुढच्या स्पर्धेत मैदान नंबर आणि जर्सी नंबर, तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ आणि सोबत एक पूर्ण मॅच. व्हिडिओच्या सुरुवातीला तिच्याभोवती गोल काढा नाहीतर बावीस पोनीटेलांत ती कोण ते कळत नाही. माझ्या लेकीने सत्तावीस मेल पाठवले, चार उत्तरं आली. आणि लगेच कॅम्पची रंगीत आमंत्रणं येतील, त्यांना भुलू नका, ती शेकड्याने जातात. आम्ही पहिल्या आमंत्रणावर पेढे वाटायचेच बाकी होते.

१५ जूनच्या त्या दिवशी तिच्या क्लबातल्या दोघींचे फोन म्हणे मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने वाजायला लागले. आमची सकाळी सातला उठून स्वैपाकघरात फोन पालथा घालून बसली होती. पोहे गार झाले. अकराला एक मेसेज आला, डिव्हिजन टूच्या एका कोचचा. ती तिथे गेली नाही शेवटी, पण तो मेसेज अजून फोनमध्ये आहे.

व्हिसाचं थोडक्यात. एल-टूवर (एल-वनवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) सरकारी शाळा फुकट, कॉलेज शिकता येतं, खेळता येतं, स्कॉलरशिप घेता येते. पण एकवीस वर्षं पूर्ण झाली की एल-टू संपतो, मग एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. सरकारी शैक्षणिक मदत मिळत नाही, आणि बरीच कॉलेजं तुम्हाला परदेशी म्हणूनच मोजतात, तर फी विचारताना हा प्रश्न पहिला विचारा. आजकाल खेळाडू जाहिरातींतून पैसे कमावतात ते आपल्या मुलींना ह्या व्हिसावर करू देऊ नका, कुणी गोड बोललं तरी, आधी वकिलाला विचारायचं.

सामानात जालंधरच्या दोन स्टिक टाका, एक मोडतेच. माउथगार्ड आणि शिनगार्डशिवाय इथे मैदानात उभं करत नाहीत, ते आणि बूट इथेच घ्या, आकार वेगळे असतात. आणि गुणपत्रकाचं पाकीट चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्येच ठेवा.